सामायिक रान

जे सगळ्यांचं आहे, त्याची राखण तुम्ही कधी केलीत?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत, क्लासच्या संगणकावर मी लिनक्स ही सर्वांना खुली प्रणाली टाकत होतो. तिच्यातली एक चूक मला दुरुस्त करून ती बनवणाऱ्यांना पाठवायची होती. तिला जागा करून देताना डिस्कची वाटणी चुकली, तर क्लासमधल्या सगळ्यांचं काम पुसलं जाणार होतं.

मुलीला न्यायला आलेला एक फौजी मिशी चावत मागं उभा होता.

"वाटनी व्हय रं? बांध परत बघ. सख्खं भाऊ हितंच भांडत्यात."

मी पुन्हा तपासलं, मग बटण दाबलं. जुनं काम शाबूत राहिलं.

"आनि नवं रान कुनाचं?" त्यानं विचारलं.

"सामायिक. सगळ्यांचं."

"मग राखनार कोन, गड्या?"

मी ती दुरुस्ती पूर्ण केली आणि पाठवली. तुम्ही फुकट वापरता त्यातली एक चूक शोधा, सुधारा आणि पाठवा.