फवारलेला झेंडू

हर्षाली विधातेला राग आला की तो आधी पायात उतरतो. तोंडाने ती फारसं बोलत नाही, तळव्यांनी फरशी बडवते. मोहिनीताईंच्या कथकच्या क्लासला ती आठ वर्षं जाते आहे, आणि ताई म्हणतात की हिचा तत्कार नुसता ऐकला तरी आज हिच्या घरी काय झालंय ते कळतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो असा काही पडला की खालच्या दुकानातले शिंपीकाका कात्री हातात घेऊनच वर आले, छताचा पोपडा पडलाय म्हणाले.

कारण तसंच होतं. पण आधी या मुलीचा दिवस सांगायला हवा.

पहाटे पाचला ती मखमलाबादच्या मळ्यात वडलांबरोबर झेंडू तोडते. सातला कॉलेज, बारावी सायन्स. दुपारी नीटचा क्लास, संध्याकाळी कथक. रविवारी एनएसएसचं काम: कधी गोदाघाटाची सफाई, कधी दरीच्या रस्त्यावरच्या गोशाळेत शेण काढणं. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं आहे. नऊ वर्षांची असताना घरची म्हैस अडली होती. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत, आणि बॅटरी धरायला हीच. पारडू बाहेर आलं तेव्हा घरातले सगळे डॉक्टरांच्या पाया पडायला निघाले. हिने मात्र त्यांना विचारलं, आत हाताला काय काय लागलं?

आता प्रत्येकाला वाटतं की तिने काहीतरी सोडावं. आई म्हणते नाच सोड. क्लासचे सर म्हणतात घाट झाडायला महापालिका आहे, ते सोड. आत्या तर लग्नकार्यात चारचौघांत म्हणाली, "शेणच काढायचं तर एवढं शिकायचं कशाला? ते आपल्याकडे फुकटात मिळतं." सगळे हसले. हर्षाली ताटावरून उठली आणि मंडपामागे जाऊन मातीत पाय आपटत सोळा मात्रा मोजत राहिली.

तर दसरा. नवरात्रात गोदाघाटावर निर्माल्य गोळा करायचं काम एनएसएसच्या पोरांकडे असतं. दरवर्षी ते खतासाठी जायचं. यंदा शेखर सरांना नवी कल्पना सुचली. शेखर सर म्हणजे कॉलेजचे एनएसएसचे प्रमुख. माणूस उत्साही, फोटोत नेहमी मधोमध. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते वर्गात म्हणाले, देवाला वाहिलेलं फूल पायदळी कशाला जाऊ द्यायचं? गाईच्या मुखात गेलं तर पुण्य. आज, शुक्रवारी, संध्याकाळी एक टेम्पो पाठवू. रविवारी बाजारात न खपलेला झेंडू जमवून, देवाच्या पायाशी लावून दुसरा नेऊ, पाहुणे बोलावू, मोठा कार्यक्रम करू. सुरुवातीला हर्षालीचं नृत्य.

हर्षाली हात वर करून उभी राहिली. झेंडू फवारलेला असतो, तिने सांगितलं. भाजीवर तरी शेतकरी तोडणीआधी चार दिवस थांबतो. फुलावर थांबत नाही. कारण फूल कोणी खात नाही. दसऱ्याचा भाव धरायचा तर अगदी दोन दिवस आधीसुद्धा पंप मारतात. तिने हे पुस्तकात वाचलं नव्हतं. पाण्याचा ड्रम तिनेच भरून दिला होता.

सर म्हणाले, "डॉक्टर व्हायच्या आधीच इंजेक्शन द्यायला लागलीस होय?" वर्ग हसला. "अगं, देवाच्या चरणावरून आलेलं आहे ते. कोणाला बाधेल?"

आणि नवल हे की वर्गातली निम्मी मुलं माळ्यांचीच, मळ्यातली. त्यांच्याही घरी पंप होते. पण तीही माना डोलवत होती. देवापाशी जाऊन आलं की औषध उतरतं, असं काहीतरी प्रत्येकाच्या डोक्यात कुठेतरी होतंच. मळ्यात विषाला औषधच म्हणतात. हर्षालीची नीटच्या क्लासची वेळ झाली होती. ती खाली बसली, दप्तर भरलं आणि गेली. संध्याकाळी फरशीवर जो राग निघाला तो सरांवरचा जेवढा होता तेवढाच त्या दप्तर भरण्यावरचा होता.

शनिवारी सकाळी अकराला गोशाळेतून फोन आला. वाल्मीकअण्णांचा. साठीचा माणूस, गाईंचं सगळं तोच बघतो. आवाज दबका होता. "बाई, कपिला गेली. चांदी बी खाली बसलीय. तोंडातून नुसता फेस. तू येती का?"

ती रसायनशास्त्राच्या तासाला होती. उठून निघाली.

चांदी म्हणजे पांढरी, एका शिंगाची, चार महिन्यांची गाभण. हर्षाली आली की तिची ओढणी चघळणारी. ती आता पाय ताणून पडली होती. अंगावरची कातडी ठिकठिकाणी थरथरत होती, लाळेची तार जमिनीला टेकली होती. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम गुडघ्यावर बसून विचारत होत्या, काय खाल्लं? अण्णा म्हणाले, चाराच. मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं. अण्णांनी जमिनीकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाले, चाराच. सकाळीच शेखर सरांचा त्यांना फोन येऊन गेला होता. फुलांचं नाव काढू नका, पोरांची मेहनत आहे, उद्या पाहुणे येताहेत.

हर्षाली म्हणाली, "झेंडू खाल्लाय. काल संध्याकाळी. फवारलेला."

मॅडमनी गाईची पापणी वर केली, मोबाइलचा उजेड टाकला. डोळ्याची बाहुली सुईच्या भोकाएवढी झाली होती. "कोणतं औषध?"

ते तिला माहीत नव्हतं. ड्रम तिने भरला होता, बाटली कधी वाचली नव्हती. तिने वडलांना फोन लावला. सोमनाथ विधाते मळ्यात होते. प्रश्न ऐकून त्यांनी उलट विचारलं, "कुठून बोलतीस? कोण ऐकतंय का?"

"बाबा, नाव सांगा. गाय मरतेय."

पत्र्याच्या शेडचं दार वाजलं, बाटल्या वाजल्या. ते एकेक अक्षर जोडत नाव वाचायला लागले. आपलीच फुलं होती का कोणाची, हे त्या टेम्पोत कोणालाच सांगता आलं नसतं, पण त्या शिवारात सगळे एकाच दुकानातून औषध आणतात. नाव पुरं व्हायच्या आत मॅडमनी सुई भरली होती. हर्षालीने बाबांना सांगितलं की डोळ्याची बाहुली बारीक होते, तीच खूण, आणि फोन ठेवला. दुपारभर दर काही वेळाने इंजेक्शन, दर काही वेळाने उजेड. चार वाजता चांदीने मान उचलली. पोटातल्या वासराचं आत्ताच काही सांगता येणार नाही, मॅडम म्हणाल्या, आणि कागदावर लिहिलं: विषबाधेचा संशय.

तो कागद घेऊन ती तशीच, शेणाने भरलेल्या सलवारीत, शेखर सरांकडे गेली. सरांनी वाचला. संशय म्हणजे खात्री नाही, म्हणाले. कपिला म्हातारीच होती. टेम्पो भरून झालाय, मांडव पडलाय. मग आवाज मऊ करून म्हणाले, यंदाच्या उत्तम स्वयंसेवकासाठी तिचंच नाव पाठवायचं त्यांच्या मनात आहे, तिने ते त्यांच्यासाठी अवघड करू नये. गोशाळेच्या कमिटीला तिने फोन केला. त्यांनी शेखर सरांशी बोल म्हणून सांगितलं.

उद्या सकाळी अकरा वाजता अजून चौदा गाईंपुढे ते फूल पडणार होतं. आता एकच माणूस उरला होता, ज्याने सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं.

सोमनाथ ओट्यावर बसून उद्याच्या पाहुण्यांसाठी हार मोजत होते. ती ऑर्डर त्यांचीच होती. तिची आई सुवर्णा शेवटचा हार ओवत होती. हर्षाली म्हणाली, उद्या हार द्यायला याल तेव्हा सगळ्यांसमोर एवढंच सांगा की झेंडू फवारलेला असतो.

"मी?" सोमनाथ म्हणाले. "माझ्याच फुलाला मी विष म्हनू? दिवाळी पंधरा दिवसांवर हाय. उद्या अख्खा मखमलाबाद माझ्या दारात येऊन बसंल."

"गाय मेली, बाबा."

"मला काय म्हाईत ती फुलं गाईला घालनार? आपन घालतो का कधी?"

"नाही घालत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

आईने सुई खाली ठेवली. तुझ्या क्लासची फी, घुंगरू, सगळं ह्याच फुलावर आलंय, ती म्हणाली, आणि तू बापाला बाजारात उभं करायला निघालीस. हर्षालीकडे उत्तर होतं, पण ते तिच्या स्वतःच्याच अंगावर येणारं होतं. ड्रम तिने भरला होता. रात्री ती जेवली नाही. कोणी तिला आग्रहही केला नाही.

रविवारी मांडव छान होता. रांगोळी, ध्वनिक्षेपक, पुढे खुर्च्या, बाजूला टेम्पो आणि लांबच लांब गव्हाण. कालची चांदी आतल्या गोठ्यात वेगळी बांधली होती, फोटोत येऊ नये म्हणून. हर्षालीने घुंगरू बांधले. एका पायात शंभर, दुसऱ्यात शंभर. पाहुणे आले, हार घातले गेले. हार देऊन सोमनाथ मोटारसायकलशी जाऊन उभे राहिले. निघाले मात्र नाहीत.

सरांनी तिचं नाव पुकारलं. ती स्टेजकडे वळलीच नाही. घुंगरू वाजवत सरळ टेम्पोपाशी गेली. पोरांनी फळी पाडलेली होती, पहिली पाटी भरत होती. ढिगातून माळांची टोकं लोंबत होती. त्यातली एक तिने ओढली. प्रत्येक पाच फुलांनंतर दुहेरी गाठ. अशी गाठ तिची आई मारते, दुसरं कोणी मारत नाही. बाजारात न खपलेली, त्यांच्याच घरची माळ.

शेखर सर माइक घेऊन हसतच जवळ आले. "हर्षाली, वंदना आधी."

"सर, हे देवाचं आहे ना?"

"हो गं बाळ, पण आता..."

"बाधत नाही ना कोणाला?"

माइक चालूच होता. सर म्हणाले, नाही, कसं बाधेल. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग गाईच्या आधी मी खाते," ती म्हणाली. तिने एक टपोरं फूल तोडलं आणि अख्खं तोंडात घातलं.

हे तिने ठरवलेलं नव्हतं. पाटी उलथवायची, एवढंच तिच्या मनात होतं. पण सरांचा तो हसरा चेहरा बघितला आणि हात आपोआप वर गेला. कडू, उग्र वासाच्या पाकळ्या जिभेवर पसरल्या. तिने दात मिटले.

खुर्च्यांमधून एक माणूस लोकांना ढकलत येत होता. एक खुर्ची पडली. सोमनाथनी पोरीचा जबडा धरला, जसा गुराला औषध पाजताना धरतात तसा, आणि दोन बोटं घालून फूल बाहेर काढलं.

"थुक," ते ओरडले. "थुक आधी. मंगळवारी फवारलाय मी. डबल डोस हाय त्यात."

माइक सरांच्या हातात तसाच होता. शब्द पार रस्त्यापर्यंत गेले.

पाहुण्या बाईंनी गळ्यातला हार काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला. आणखी दोघा-तिघांनी काढले. भरलेली पाटी उचललेलं पोरगं ती परत टेम्पोत रिकामी करायला लागलं. सर काहीतरी बोलत होते, गैरसमज, भावना, वगैरे. वाल्मीकअण्णा आले आणि टेम्पोची फळी वर करून त्यांनी कडी घातली. मग ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "कपिला म्हातारी नव्हती. सात वर्साची होती."

हर्षाली हे सगळं गाईंच्या हौदापाशी वाकून ऐकत होती. बाबा तिला चूळ भरायला लावत होते. एक, दोन, दहा. तिचा राग गेला नव्हता. तिला सरांवर राग होता, खुर्च्यांवर बसून राहिलेल्यांवर होता, पोरगी तोंडात घालेपर्यंत तोंड न उघडणाऱ्या ह्या माणसावरही होता. चौदा गाई वाचल्या, पण त्या ह्यांच्या शहाणपणाने नाही.

मोटारसायकलवर ती मागे बसली. घुंगरू सोडायचे राहिले होते. प्रत्येक खड्ड्याला दोनशे घुंगरं वाजत होती, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. दिवाळीच्या फुलांचं काय करणार, तिने विचारलं. बापाने नुसता गिअर बदलला. तिने पुन्हा विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ओरडून विचारलं असतं.

कालव्याच्या पुलावर सोमनाथनी गाडी थांबवली. बाटली पुढे केली, "अजून एकदा भर." तिने चूळ भरली. मग त्यांनी खिशातून फोन काढला, त्यातली बॅटरी लावता लावता चुकले, पुन्हा लावली. भर दुपारच्या उन्हात ते तिच्या डोळ्यापुढे उजेड धरून वाकले.

"बाबा, काय करताय?"

"बाहुली बघू दे. बारीक होती म्हनलीस ना."

"उजेड टाकला की ती बारीक होतेच. सगळ्यांचीच."

त्यांचा हात खाली आला नाही. "मंग कसं कळनार?"

तिने त्यांच्या हातातून फोन घेतला, बॅटरी बंद केली, आणि तळव्याची सावली स्वतःच्या डोळ्यांवर धरली. "सावलीत ती मोठी झाली पाहिजे. आता बघा."

ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आता दुसरा."