अमरावतीले काहून?

कंपनीचा मेल आला तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घरी, माझ्या शाळेपासूनच्या जुन्या टेबलाशी बसून काम करत होते. काही महिने सगळ्यांचंच काम घरून चाललं होतं, आता पुण्याचं ऑफिस लहान करणार होते. ज्यांना कायम घरून काम करायचं आहे त्यांनी तसं लिहून द्यावं, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस यावं. उत्तर द्यायला पंधरा दिवस होते. मी त्याच दिवशी 'घरून' असं लिहून टाकलं आणि मग घरात सांगितलं. माझ्या बाबतीत हा क्रम नेहमीचा आहे.

आईला आनंद झाला. बाबांना झाला की नाही ते कळलं नाही. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, रोज सकाळी फिरायला जातात, आणि तीन वर्षं त्यांनी फिरताना "पोरगी पुण्याले हाये" हे वाक्य वापरलं होतं. एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. मी परत आल्यापासून ते "घरीच हाये" म्हणायचे, आणि मग विचारणं सुरू व्हायचं. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या एका काकांनी हळूच विचारलं होतं, "कंपनी बुडाली का?" बाबांनी घरी येऊन हे हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं.

पुण्यात मी वाकडला दोन मुलींबरोबर राहत होते. जवळपास अर्धा पगार भाड्यात जायचा आणि त्यात एक खोली मिळायची, जिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या एसींच्या पाठी दिसायच्या. ऑफिसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी "बरं, मी येतो" म्हणून उठले. वऱ्हाडात बायकाही 'येतो' म्हणतात. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी म्हणजे घरात ऐकलेलं मराठी, दुसरं माझ्याजवळ नव्हतंच. सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. त्यानंतर मात्र मी तिथे इंग्लिशच जास्त बोलले.

तरी एक गोष्ट मला पुण्यात मनापासून आवडायची. मी खोलीत आहे की नाही, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं. एकदा चार दिवस ताप होता, तेव्हाही नव्हतं, आणि ते चार दिवस वाईट गेले. पण बाकीचे दिवस चांगले गेले.

अकोल्यात मला स्वतंत्र खोली आहे, तिला दारही आहे. पण आमच्या घरात दार लावणं म्हणजे रागावणं. ते उघडं असतं, आणि उघड्या दारातून लोक येतात. शेजारच्या काकू गॅसचं बुकिंग करून घ्यायला येतात, त्यांची नात इंग्लिशचा निबंध घेऊन येते, कोणी स्थळ सुचवायला येतं. मी घरीच असते, म्हणजे मोकळीच असते. मीटिंग सुरू असली की आई कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून वाकून येते, त्यामुळे स्क्रीनवर फक्त पोह्यांची ताटली धरलेला एक हात दिसतो. एकदा माझ्या मॅनेजरने त्या हाताला नमस्कार केला.

ह्यातलं कोणी मला त्रास द्यायला येत नाही, हे मला कळतं. म्हणूनच तक्रार करता येत नाही.

ऑगस्टमध्ये मी अमरावतीला गेले. डिग्रीच्या कागदावर आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते विद्यापीठात दुरुस्त करून घ्यायचं होतं. काम अर्ध्या तासात झालं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून गाडगेनगरमधून पायी निघाले, तर एका घराच्या फाटकावर पाटी होती: 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त मुलींना.' मी थांबले. खोली बघायचीच असं काही ठरवून आले नव्हते, पण बेल वाजवली.

घरमालकीण साठीच्या असाव्यात. ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. खोली मागच्या बाजूला होती, वेगळ्या दाराची, स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि बाथरूम असलेली. भाडं ऐकून मला वाटलं, त्या आठवड्याचं सांगतायत. मग त्यांनी आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध आहोत आणि आडनावावरून ते वऱ्हाडात लगेच कळतं. पुण्यात लोक हे फिरवून विचारायचे, 'नॉनव्हेज करता का?' वगैरे, आणि दोन दिवसांनी खोली गेली म्हणून कळवायचे. ह्यांनी सरळ विचारलं, "बरं" म्हटलं आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या.

"स्टुडंट का सर्व्हिस?"

"सर्व्हिस. पुण्याची कंपनी आहे. काम घरून असतं."

त्यांचा हात थांबला. "घरून?"

"हो."

"मंग घरी कर ना माय. माह्या घरी काहून?"

मी खांद्यावरची बॅग सारखी केली.

"घर कुठं तुहं?"

"अकोल्याला. आई-बाबा असतात."

"भांडण झालं?"

"नाही."

"लग्नाचं काई?"

"नाही."

"मंग?"

इंग्लिशमध्ये ह्याला एक सोपा शब्द आहे, 'स्पेस'. मराठीत त्याचं 'जागा' झालं असतं, आणि जागा आमच्या घरी भरपूर आहे. त्यांनी मेथीची काडी खुडून बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "बापाले घेऊन ये. मंग सांगतो. पंधरा दिवस थांबतो मी, जास्त नाई."

त्यातले दहा दिवस मी घरी काहीच बोलले नाही. अकराव्या दिवशी जेवताना सांगितलं.

बाबांनी घास खाली ठेवला. "पुण्याले जा ना मंग. पुण्याले गेली तर कोनी काई म्हनत नाई. अमरावतीले काहून?"

"स्वस्त आहे."

"घर त्याच्याहून स्वस्त हाये."

बाबांचंही बरोबर होतं. पुण्याला जाणाऱ्या मुलीला कारण लागत नाही. पुणं हेच कारण, मग भाडं कितीही असो. दोन तासांवरच्या अमरावतीत, कॉलेज नाही, ऑफिस नाही, सासर नाही, आणि मुलगी खोली करून राहते म्हटलं की लोक स्वतःच कारण शोधतात. ते काय शोधतील, हे आम्ही तिघंही जाणून होतो.

"तिले आपला कंटाळा आला," आई बाबांना म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"तसं नाही, आई."

"मंग कसं?"

दोन दिवस आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनेच बाबांना सांगितलं, "पाहून तर या. कोन बाई हाये, कसं घर हाये."

रविवारी आम्ही निघालो. गाडीत बाबांनी पेपर वाचला, अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरलो, ऑटोत बसलो. ते रस्त्याकडे बघत होते. मला वाटत होतं, ते नाही म्हणायलाच आले आहेत. आणि ते नाही म्हणाले असते तर मी अकोल्यालाच राहिले असते, हेही मला माहीत होतं.

घरमालकिणीने चहा केला. पाच मिनिटांत दोघांचं जमलं. त्यांचे यजमान बांधकाम खात्यात होते, त्यामुळे बदल्या, पेन्शन, कुठल्या साहेबाने कोणाची फाइल अडवली, असं सगळं निघालं. मी कपाकडे बघत बसले होते. मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या.

"भाऊ, पोरगी चांगली दिसते. पन इथं कायले राहाते म्हंते? हे काई सांगतच नाई."

"क्लास लावला तिनं," बाबा म्हणाले. "एमपीएससीचा. काम पाहून अभ्यास कराचा हाये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घरमालकिणीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग तसं सांगाचं ना माय. पाच पोरी राहून गेल्या माह्याकडं क्लासवाल्या. एक तर तहसील ऑफिसात लागली."

खोली मिळाली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण मला पुढचं दिसलं. रोज क्लासच्या वेळेला बाहेर पडायचं. परीक्षा झाली की पेपर कसा गेला ते सांगायचं. निकाल लागला की ह्यांना, बाबांना, बाबांच्या फिरायच्या मंडळींना सांगायचं. माझ्याकडे रोज बघणाऱ्या माणसांत एका बाईंची भर पडणार होती, आणि त्यांना माहीत असलेली मी खोटी असणार होते.

"क्लास नाही लावला," मी म्हटलं. "नोकरी तीच आहे. मले एकटीनं राहून पाहाचं हाये."

बाबांनी कप खाली ठेवला. घरमालकीण त्यांच्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमाले चालते का?"

"तिले चालते," बाबा म्हणाले. "मले सवय कराव लागन."

"हं," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या परत आल्या तेव्हा हातात किल्ली होती. "पानी एक दिवसाआड येते. पहाटं साडेपाचले उठून भराव लागन. कोनाची टाकी मी भरत नाई, आधीच सांगून ठेवतो."

बाबा किल्ली घेऊन खोली बघायला गेले. नळ सोडून बघितला, खिडकीची जाळी बोटाने दाबून बघितली, पंखा पाचवर चालवला. मी दारात उभी होते.

बडनेऱ्याला गाडीची वाट बघताना म्हणाले, "तसा क्लासबी लावला असता तर काई वाईट नव्हतं."

"नाही लावणार, बाबा."

"बरं."

मग त्यांनी आईला फोन लावला. खोली घेतली म्हणाले, बाई सरळ आहे, जाळी पक्की आहे. आई पलीकडून काहीतरी विचारत होती, बहुतेक माझ्याबद्दल. "काई नाई होत तिले," बाबा म्हणाले, आणि मग पहाटे साडेपाचला उठून पाणी भरावं लागणार असल्याचं तिला अगदी सविस्तर सांगितलं. ते सांगताना पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटत असावं, निदान सांगण्यासारखं काहीतरी होतं.