आठव्या पायरीचा एक इंच

शनिवारी सकाळी जगदीशदादांचा मोठा मुलगा आमच्या कोऱ्या जिन्यावर अडखळला. पाठोपाठ त्याची बायको. मग खुद्द दादा. तिघंही एकाच ठिकाणी, आठव्या पायरीवर. मी खाली हँडओव्हरचा कागद घेऊन उभी होते, सहीसाठी पेनसुद्धा काढलं होतं. शेवटी माझा मिस्त्री भंवरलाल चढला, तो मात्र आरामात वर पोचला.

दादा वरून म्हणाले, "मॅडम, लेव्हल चुकलीय तुमची."

लेव्हल चुकली नव्हती. तीच तर भानगड होती.

मी सिव्हिलवाली. राहते डोंबिवलीत आणि ठाण्यापर्यंत दगडी फिटिंगची कामं घेते. दादांचं घर कळव्याच्या जुन्या गावात. जिना अंगणातून थेट गच्चीवर जातो, सतरा पायऱ्या, वर पत्रा. दहा दिवसांवर धाकट्या मुलाची हळद होती आणि सगळा गाव गच्चीवर येणार होता. म्हणून दादांना सिमेंटच्या पायऱ्यांवर काळा ग्रॅनाईट हवा होता, तोही दोन इंच जाड, जोड नसलेला. एकेक दगड पासष्ट किलोचा. तो बसवायला चार माणसं लागतात आणि भरपूर शिव्या.

अशा कामात एक सापळा असतो. दोन इंच दगड आणि त्याखाली एक इंच सिमेंटचा माल, म्हणजे प्रत्येक पायरी तीन इंच वर जाते. सगळ्याच वर गेल्या की मधल्यांना फरक पडत नाही. पण खालचं अंगण आणि वरची गच्ची जागच्या जागी राहतात. मग पहिली पायरी ढांग टाकावी इतकी उंच होते, आणि शेवटची इतकी बुटकी की माणूस तोंडावर आपटतो. नवशिके इथे हमखास फसतात. मी अंगणात तीन इंच पेव्हर चढवले, गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी तीन इंच कोबा केला आणि तो हळूहळू उतरवत नेला. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

जुन्या जिन्यात आणखी एक खोट होती. आठवी पायरी बाकीच्यांपेक्षा इंचभर उंच. हा जिना दादांच्या वडिलांनी, मिठागराच्या कामातून सुटी मिळेल तेव्हा, स्वतःच्या हाताने ओतला होता. तिथे शटरिंगची फळी सरकली असणार. पहिल्याच भेटीत मी त्या पायरीला ठेचकाळले, तेव्हा दादा हसून म्हणाले होते, "ही आमची पाहुणा ओळखायची मशीन. घरचं माणूस इथे अडखळत नाय."

मीही हसले, आणि वहीत लिहून घेतलं: आठवी, छाटणे. दगड यायला दीड महिना लागला. मधल्या काळात त्यांच्या बाथरूमचं काम निघालं, पाइपलाइनसाठी गच्चीवर रोज दहा फेऱ्या होऊ लागल्या, आणि मीसुद्धा न बघता चढायला लागले. मग दगड आले, आणि ते बसवायला भंवरलाल. छिन्नीने तो इंच काढला आणि सतराही पायऱ्या सारख्या केल्या. फरक फार तर एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा.

आता घरच्यांचे पाय सवयीने आठवीला उंच उचलत होते, आणि उंची तिथे नव्हतीच. पाय धप्पकन खाली यायचा आणि तोल जायचा.

तरणी माणसं दोन दिवसांत शिकली असती. प्रश्न आयचा होता, दादांच्या आईचा. वय शहात्तर, एका डोळ्याला जेमतेम दिसतं. बोंबील वाळत घालायला दिवसातून दोनदा अनवाणी गच्चीवर जाणार म्हणजे जाणारच, हातात सूप. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते मी माझ्या सासूबाईंच्या वेळी पाहिलंय. मला खरंच भीती वाटली.

"एक इंच परत चढवा," दादा म्हणाले.

मी सांगितलं की मग हळदीला अख्खा गाव ठेचकाळेल.

"पब्लिक पडली तरी चालंल, मॅडम. आय पडता नये."

दगड उखडला तर शेजारचे दोन फुटणार, नवे दहा दिवसांत येणार नाहीत. भंवरलालने तर ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला.

आय खालच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होत्या. दगडावरून हात फिरवत म्हणाल्या, "डोकं माजं ठिकानाव हाय. पाय आईकत नाय. पाट्याला टाकी मारतात तशी मार बाय इकडं, मंग पायाला कलंल."

वाटण नीट व्हावं म्हणून पाट्यावर छिन्नीचे बारीक ठोके मारून तो खरबरीत करतात, ती टाकी. मला कल्पना एकदम पटली. मी खडू घेऊन आठवीवर खूण करायला लागले.

"आठवीला नको. सातवीला," आय म्हणाल्या. "आठवीवं कलून काय उपेग?"

वीस वर्षांची माझी इंजिनियरिंग तिथेच बसली. भंवरलालने दुपारभर सातव्या पायरीवर टाकी मारली. संध्याकाळी आय सूप घेऊन निघाल्या. मी दोन पायऱ्या मागे, हात पुढे करून. सातवीवर त्यांचा पाय क्षणभर थांबला, अंगठ्याने दगड चाचपला, आणि आठवीवर अलगद पडला. मग त्यांनी मुद्दाम खाली-वर आणखी चार फेऱ्या मारल्या.

"यांचा इंच काडलास तू," वरून त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण मला वाईट वाटलं. तो इंच कुणाचा होता हे मी वहीत लिहिलंच नव्हतं.

हळदीला गाव लोटला. कुणीही अडखळलं नाही. मी नवी साडी नेसून, सँडल घालून, हातात जेवणाचं ताट घेऊन, कुणाशी तरी बोलत जिना चढत होते. सँडलमुळे सातवीची टाकी पायाला लागलीच नाही. आठवीला माझा पाय आपोआप उंच उचलला गेला, धप्पकन खाली आला, आणि ताटातली वाटी गडगडत अंगणात गेली.

वर आय उभ्या होत्या. पोट धरून हसल्या.

"बग," दादांना म्हणाल्या, "ही घरची झाली."

तेव्हापासून कुणाचा जिना बघायला गेले की टेप पर्समध्येच ठेवते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी वर जाऊन यायला सांगते, आणि खाली उभी राहून नुसते त्यांचे पाय बघते.