खालचं खरं

शिंप्याच्या दुकानात ती काजं करायची, बटणं लावायची, म्हणून सगळे तिला काजताई म्हणत. उजवा डोळा लहानपणीच गोवरात गेलेला. डाव्याला गेली काही वर्षं एका बटणाची दोन दिसत. तिने आपला एक नियम केला होता: खालचं खरं. एकुलत्या डोळ्याला कोण हात लावू देणार? तिचंही बरोबरच होतं. पण मोतीबिंदू वाढला आणि एका कोटाचं बटण तिने चक्क खिशावर लावलं.

"काजताई, आता डॉक्टर गाठा," शिंपी म्हणाला. "नाहीतर उद्या माझं तोंड शिवाल."

"ते केव्हाच शिवायला हवं होतं."

सोबत धाकटा भाऊ गेला. निवृत्त पोस्टमन, जन्मभर लोकांची पत्रं वाटली, स्वतः मात्र बोलायला कंजूष.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "आतलं भिंग जागेवरून सरकलंय. त्याला धरून ठेवणारे धागे एका बाजूने तुटलेत."

"म्हणजे बटण लोंबकळतंय."

"अगदी तसंच. ऑपरेशनमध्ये मागे पडलं तर पंचाईत. कधी मार लागला होता का? तशी तयारी ठेवावी लागते."

"छे, कधीच नाही," ती ताडकन म्हणाली.

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. "मी चेंडू मारला होता, याच डोळ्यावर. नऊ वर्षांचा होतो. हिने घरी सांगितलं, जिन्यात पडले."

"गप रे! कशाला जुनी मढी उकरतोस?"

"डोळा एकच आहे, ताई."

एरवी मोतीबिंदू वीस मिनिटांत उरकतो. हिला सव्वा तास लागला. भिंगाभोवतीच्या नाजूक पिशवीला आधाराची कडी घालून डॉक्टरीणबाईंनी आतलं जुनं भिंग काढलं, नवं बसवलं. बाहेर बाक रिकामं होतं, तरी भाऊ उभाच होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.

"किती दिसतोय मी?" त्याने विचारलं.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकच. आणि बटणं एक काज सोडून लावलीयस, वेंधळ्या."

साठी उलटलेला माणूस, वॉर्डात सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागला.

"पुरे. इकडे ये."

तिने त्याचं वरचं बटण सोडलं. सवयीने तिचं बोट आधी थोडं खाली गेलं, कोऱ्या कापडावर. मग वर सरकलं आणि काज सापडलं.