लाट्यांचा आळ बकरीवर

हसायचं असन तं हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. माह्या मूर्खपणापायी कोणाचं लुगडं डागाळाले नको.

माहा आवाज तुमाले माहीतच हाये. अकोल्याच्या भाजीबाजारात म्या "वांगे घ्या" म्हटलं का रस्त्यापलीकडची म्हैस मान वर करे. त्याच गळ्यात गाठ सापडली. थायरॉईडचा कॅन्सर. अमरावतीले ऑपरेशन केलं, गाठ काढली, पण आवाज बसला. घरी आली ते फुसफुस करतच. मरणापेक्षा मले याचीच चिंता, का आता भांडण आलं तर करावं काय?

घरच्यायनं मात्र मले फुलावाणी जपलं. नवरा माही वेणी घाले. वाकडी घाले, पण घाले. पोरगा पाठीले उशा लावे. सून ज्योती तर माह्या तोंडाकडं पाहूनच समजे का पाणी पायजे का शिव्या द्यायच्या हायेत. अन् शेजारची कांताबाई माह्या दुकानावर बसून भाजी इके. "तुह्यावाणी ओरडणं नाई जमत मले," म्हणे, "पण गिऱ्हाईक तुटू देत नाई."

मग डोस द्यायचं निघालं. डॉक्टर म्हणाले, "गळ्यात काही उरलं असेल तर ते आयोडीनच्या औषधानं जाळायचं. त्याआधी पंधरा दिवस त्याला आयोडीनसाठी उपाशी ठेवायचं. भूक लागली तरच ते औषध खाईल." साधं मीठ बंद, दूध बंद, अंडे बंद. ज्योती कान देऊन ऐकून राहिली होती. म्या नुसती मान हलवली. माहं ध्यान खिडकीखालच्या टमाटेवाल्याकडं. मेला सडके टमाटे खाली लपवून राहिला होता.

बिनआयोडीनचं मीठ ज्योतीले भरोशाचं भेटलं नाई. तिनं मीठच बंद केलं.

अळणी वरण खाल्लं का कधी? भिताड चाटल्यावाणी लागते. बरं, मले आधी जेवू घालत अन् मग नवरा, पोरगा, सून तिघंही सैपाकखोलीचं दार लावून जेवत. माह्या डोक्यात किडा शिरला. दार काहून लावतात? आत झणझणीत वांग्याची भाजी असन. ठेचा असन. म्या दाराले नाक लावून पाहिलं. वास नाई आला. मी म्हटलं, वास बी लपवून राहिले.

त्यातच पापडाचे दिवस आले. आमच्या गल्लीत आज एकीचे पापड, उद्या दुसरीचे, साऱ्या बाया पोळपाट घेऊन येतात. आमच्या अंगणात उडदाचं पीठ कुटलं, मीठ, मिरे, पापडखार घातला, लाट्या केल्या. लाट्या म्हणजे पापडाचे कच्चे गोळे. तेलात बुडवून खाल्ले तर सरग. माही मान आखडलेली, म्हणून मले राखणीले बसवलं. हाती थाळी अन् चमचा. कावळा आला, कांताबाईची बकरी आली, का वाजवायची.

बाया चहाले आत गेल्या. मी, लाट्या अन् तेलाची वाटी.

म्या मनाशी म्हटलं, डॉक्टरनं मीठ बंद सांगतलं, लाटीचं नाव कुठं घेतलं? अन् आतले सारे झणझणीत हाणून राहिले, तं मीच काहून मरू? एक खाल्ली. मग तिले सोबत म्हणून दुसरी. पुढं तं परातच अर्धी झाली.

ज्योती बाहेर आली. "आई, लाट्या कुठं गेल्या?"

म्या चमच्यानं कांताबाईच्या बकरीच्या खुंट्याकडं दाखवलं.

"थाळी काहून नाई वाजवली?"

म्या गालाखाली हात घेऊन दाखवलं का डोळा लागला होता. तेवढ्यात कांताबाई आली. "माही बकरी? बांधेल हाये ते सकाळपासून."

आता मांगं कशी सरू? म्या हातवारे करून सांगतलं का दावं तोडून आली अन् खाऊन परत गेली. कांताबाईनं माह्याकडं पाहिलं. "अन् जाऊन आपल्या हातानं दावं बांधून घेतलं, हो ना?" पोळपाट काखेत मारला अन् गेली. दुसऱ्या दिवशी ते माह्या दुकानावर आली नाई. नवरा जाऊन बसला. त्याच्यानं एक जुडी मेथी इकल्या गेली नाई.

डोससाठी अमरावतीले गेलो. डॉक्टरनं इचारलं, "पथ्य पाळलं?"

ज्योती म्हणे, "कडक पाळलं, डॉक्टर. त्यायच्यासंगं आमीही सारे अळणीच खाऊन राहिलो."

मी फुसफुसली, "मग दार काहून लावत होते?"

नवरा खाली पाहून म्हणे, "अवं, मले ते वरण गिळल्या जात नाई. तोंड वाकडं होते. तुले दिसलं असतं तं तू बी जेवली नसती."

वाटलं, जमीन फाटावी. म्या फुसफुस केली, "लाट्या खाल्ल्या."

"काय? जरा जोरात सांगा," डॉक्टर म्हणाले.

"पापडाच्या लाट्या खाल्ल्या म्या, अर्धी परात!"

अन् आवाज फुटला, बरं का. इतके दिवस गेलेला आवाज नेमका तिथंच परत आला. बाहेर बाकड्यावरचे पेशंट बी उठून उभे राहिले.

डोस पुढं गेला. पुन्हा पंधरा दिवस पथ्य, अन् साऱ्या घराले माह्यासंगं. माहा रोग गळ्यात, अन् सजा त्यायच्या जिभेले. आता दार उघडं ठेवून जेवतो. नवऱ्याचं तोंड वाकडं होते अन् तो म्हणते, "आज वरण चांगलं झालं."

अमरावतीहून आली त्याच दिवशी संध्याकाळी कांताबाईकडं गेली. म्हटलं, "बाई, चुकली मी."

"मले काय सांगतं? आळ जिच्यावर घेतला, तिले सांग."

गेली. बकरीपुढं उभी राहून म्हटलं, चुकली. कांताबाईनं घरातून एक लाटी आणली, तेलात बुडवली अन् बकरीपुढं धरली. बकरीनं वास घेतला, माह्याकडं पाहिलं अन् तोंड फिरवलं.

कांताबाई म्हणे, "पाह्य. हिले तं डॉक्टरनं नको म्हणून सांगतलंही नव्हतं."