सुपाची लाल पट्टी

"व्यक्त व्हा," असं म्हणत ताई चष्मा डोक्यावर सारायच्या. समोरची बाई व्यक्त होऊ लागली, की चष्मा खाली यायचा आणि ताई फोन बघू लागायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. नसेल तर तुम्ही नशीबवान.

सोलापुरात त्या बायकांच्या हक्कांची वेबसाईट चालवायच्या. ऑफिस म्हणजे त्यांच्याच बंगल्यातली पुढची खोली. मी तिथं टायपिंगला होते. लेख साईटवर चढवणं, उतरवणं माझ्याकडं, त्यामुळं पासवर्ड मला पाठ. ताईंपुढं मात्र मी मान हलवण्यापलीकडं काही केलं नाही.

मैंदर्गीच्या एका बाईनं वहीच्या कागदावर लिहून पाठवलं होतं, 'नवऱ्यानं चुलीतल्या लाकडानं हाणलं, तरी मी सगळ्या भाकरी थापल्या.' ताईंनी ते खोडून 'मला कौटुंबिक हिंसेला सामोरं जावं लागलं' असं केलं. भाकरी गेल्या, लाकूड गेलं. "वैचारिक उंची हवी गं," त्या म्हणाल्या. साईटवर वाचून बाईचा फोन आला. "मॅडम, ह्ये माजंच हाय का?" मी हो म्हणाले.

खोटं कशाला बोलू, ताईंचा पहिला लेख चांगला होता. वडिलांनी कॉलेज सोडायला लावलं, तेव्हा त्यांनी आपली पुस्तकं ज्वारीच्या पिंपात लपवली होती. एवढंच साधं लिहिलं होतं. तो वाचून मला रडू आलं, आणि म्हणूनच मी ती नोकरी धरली. पुढं त्यांना भाषणांची बोलावणी येऊ लागली आणि ज्वारीचं पिंप मागं पडलं.

मग एकदा अक्का आली. विड्या वळणारी, घरात तेलुगू बोलणारी. कारखान्यातून पान-तंबाखू आणून दिवसभर घरी वळलेल्या विड्या तिथला चेकर तपासतो. हा चेकर तपासताना तिचा हात धरायचा, आणि तिनं सोडवून घेतला की मूठमूठ विड्या खराब म्हणून फेकायचा.

"नाव घालू नका," अक्का म्हणाली. "त्यो उद्यापासनं पान देणार न्हाय. पोट हाय की."

"नाव नाही, चेहरा नाही. शब्द देते," ताई म्हणाल्या आणि मला नुसत्या हातांचा फोटो घ्यायला सांगितला. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. सुपाची कड फाटली होती, तिथं अक्कानं जुन्या साडीच्या काठाची लाल पट्टी शिवली होती. फोटो झकास आला. रोज त्याच चेकरपुढं अक्का त्याच सुपातून विड्या ओतते, हे आम्हा दोन शहाण्यांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

लेख फोटोसकट मी साईटवर चढवला, आणि चेकरनं तो मोबाईलवर उघडून बायकांच्या रांगेत फिरवला. "ह्ये सूप कुणाचं?" त्या दिवसापासून अक्काला 'पान संपलं' असं सांगू लागले.

ती परत आली. "फोटू तेवडा काडून टाका. दुसऱ्या कारखान्यात तरी घेत्याल."

चष्मा डोक्यावर गेला. "अक्का, ही तुमचीच लढाई आहे. आता माघार नको." त्याच लेखावर ताईंचं पुण्यात भाषण ठरलं होतं. चार दिवसांवर.

अक्का माझ्याकडं वळली. "तू तरी सांग की."

"ताईंना विचारते," मी म्हणाले. विचारलंही, दोनदा. त्या म्हणाल्या, "बघू." भाषण छान झालं म्हणतात. तोवर फोटो दुसऱ्या कारखान्यातही पोचला होता.

ताई आता पुण्यातच असतात. साईट उघडत नाही, त्यांचा पहिला लेखही तिच्याबरोबर गेला. त्याचं मला वाईट वाटतं, ताईंचं नाही.

परवा अक्काच्या घरी गेले. तिला कुठलाच कारखाना पान देत नाही, म्हणून ती शेजारणीच्या कारखान्यातल्या कार्डावर, तिच्या नावानं विड्या वळते. सुपाची लाल पट्टी तिनं उसवून टाकली आहे, फाटक्या कडेतून तंबाखू मांडीवर सांडत होता. तिनं चहा केला. मी ताईंना शिव्या घालायला सुरुवात केली, तर ती निवांत पान कापत म्हणाली, "व्हय, पण फोटू तूच चढवला हुतास न्हवं? मग काडायला ताई कशाला लागत हुत्या?"

मी कप खाली ठेवला.