नावांचं कडवं

नानाजी शाहिरांच्या गाण्याचं शेवटचं कडवं ऐकायला फारसं कोणी थांबत नसे. माणसं चपला शोधायला लागत, बाया झोपलेली लेकरं उचलत. गोष्ट तोवर संपलेली असे आणि त्या कडव्यात फक्त नावं उरलेली असत. आधी गुरूचं, मग ढोलकीवाल्याचं, मग चोनकेवाल्याचं आणि सगळ्यात मागे शाहिराचं स्वतःचं. हा क्रम गुरू गणपतरावांनी घालून दिला होता. त्यांची एक अटही होती. साथीला जो शेजारी बसला असेल त्याचंच नाव घ्यायचं. बसलेल्याचं टाळायचं नाही आणि न बसलेल्याचं घ्यायचं नाही.

नानाजींनी एकतीस वर्षं इतवारीच्या धान्यबाजारात ठेला ओढला. कुहीजवळच्या गावातून ते तरुणपणी नागपुरात आले ते गाण्यासाठी नव्हे, पोटासाठी. पण गाणी त्यांना ठेल्याच्या दांड्यांमध्येच सुचत. शंभर किलोची पोती चढावर ओढताना एक ओळ तयार होई, उतारावर दुसरी. रविवारी ते आपल्या ढोलकीवाल्याकडे, लहानूकडे जात आणि त्याला त्या ओळी म्हणून दाखवत.

लहानू इतवारीतच भांड्यांच्या दुकानात कामाला होता. पोचे आलेली पितळी भांडी ठोकून सारखी करायची, हे त्याचं काम. दिवसभर ठोके ऐकून त्याचा डावा कान अधू झाला होता, पण गाण्यात एक अक्षर जास्त झालं तरी उजव्या कानाला कळे. "इथं पोचा आहे गा," तो म्हणे आणि नेमका शब्द दाखवी. नानाजी भांडत, पुन्हा म्हणून बघत आणि शब्द काढून टाकत. चोनका वाजवायचे चंपतराव. काखेत धरायचं, एका तोंडाला कातडं आणि त्यातून निघालेली तार छेडायची, असं ते वाद्य. चंपतराव करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून पार्टीत दोघंच राहिले.

यंदा जानेवारीत नात्यातला अश्विन नानाजींना नारी रोडवरच्या आपल्या खोलीत घेऊन गेला. भिंतींना फोम लावलेली खोली, एक माइक, एक कॉम्प्युटर. "दादाजी, तुमचं गाणं मोबाइलवर टाकतो, साऱ्या दुनियेत जाते," तो म्हणाला. ढोलकी रेकॉर्ड करायला वेगळा दिवस लागला असता, म्हणून ठेका कॉम्प्युटरनंच दिला. शेवटी अश्विन म्हणाला, "हे नावांचं कडवं काढू का? आजकाल कोणी एवढं ऐकत नाही." नानाजी काढ म्हणाले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की लहानू इथं बसलेला नाही, तेव्हा गुरूच्या अटीप्रमाणं त्याचं नाव घेणंच चूक. गुरूचं नावही त्याबरोबर गेलं, तेही त्यांनी चालवून घेतलं.

गाणं चाललं. ऑटोत वाजलं, लग्नाच्या मांडवात वाजलं. खाली एकच नाव, शाहीर नानाजी. अकरा दिवस नानाजी छाती काढून फिरले. बाराव्या दिवशी लहानू दारात आला.

"ढोलकी कोन वाजवली?" त्यानं विचारलं.

"मशीन होती गा."

"अन् नावं?"

"टाइम नव्हता."

"बरं झालं," लहानू म्हणाला, "माझे हात मोकळे झाले." चहा न घेता तो गेला. त्याला दहा महिने झाले.

दहा महिन्यांत नानाजींचं एक गाणं पुरं झालं नाही. सुरुवात होई, दोन ओळी होत आणि तिसरी ओळ ठेक्यात बसेना. ते मांडीवर ताल धरत, टेबलावर धरत, पण चूक कुठं आहे हे त्यांना ऐकू येत नव्हतं. आधी त्यांना राग आला, मग भीती वाटायला लागली. कारण डिसेंबर जवळ येत होता. गणपतराव गेले त्या दिवशी दर वर्षी गावातल्या विहारासमोर नवं गाणं म्हणायचं, असा शब्द त्यांनी गुरूला दिला होता. तेहतीस वर्षं तो मोडला नव्हता. एका वर्षी ताप होता, एका वर्षी नातवाचं बारसं होतं, तरी गाणं झालं होतं. ते जेवताना पुटपुटत, आंघोळ करताना पुटपुटत. रात्री बायको झोपेतून उठून म्हणे, "आता तरी निजा." चारच दिवस उरले तेव्हा ते दुपारी लहानूच्या घरी गेले.

रुख्माबाईनं दार उघडलं. "भाऊजी, या. घरीच हायेत. बोलतीन का नाही ते मले नका विचारू."

लहानू जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. त्यानं मान वर केली नाही. "काय शाहीर, मशीन बिघडली का तुही?"

नानाजी समोर बसले. "गाणं अडकून राहिलं गा. गुरूच्या दिवशी रिकाम्या तोंडानं जाऊ का मी?"

"मंग मी काय करू?"

"ऐक तं खरं."

नानाजींनी हळू आवाजात म्हटलं, "घाम सांडला ठेल्यावरती, तेव्हा भरला बाजार माझा." आणि नेहमीसारखे तिथंच अडखळले.

"बाजार तुझा कधीपासून झाला?" लहानू म्हणाला. "शेठले मालूम हाय का?"

आत रुख्माबाई हसली. लहानू मात्र शेंग सोलत होता. "माझा काढ. सारा पोचा तिथं हाय."

नानाजींनी शब्द काढून ओळ म्हटली. ती सरळ ठेक्यावर जाऊन बसली आणि तिच्यामागून पुढची ओळ आली, तिच्यामागून तिसरी. दहा महिने तटलेलं गाणं तिथंच पाच मिनिटांत पुरं झालं. नानाजींचा चेहरा फुलला. "चल मंग. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या गाडीनं जाऊ. ढोलकी कुठं हाय?"

"हाय. तिची काळजी तू नको करू. मी नाही येत."

"काहून?"

"तुले शब्द काढून पाहिजे होता, काढून देला. आता जाय."

"अश्विनले सांगून ते गाणं काढून टाकतो मी."

"काढून काय होते? लोकाइले आवडलं ना. राहू दे."

नानाजी वाकले आणि त्यांनी लहानूच्या पायांकडे हात नेला. लहानूनं पाय मागे ओढले, शेंगांचं सूप कलंडलं, हिरवे दाणे सगळीकडे पसरले. "म्हाताऱ्या, कंबर धरन तुही. उठ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तेच नानाजींना जास्त लागलं. दोघं मिळून दाणे गोळा करू लागले आणि दाणे संपल्यावर नानाजी उठून घरी आले.

गुरूच्या दिवशी ते एकटेच कुहीच्या गाडीनं गावी गेले. विहारासमोर सतरंज्या टाकल्या होत्या, साठसत्तर माणसं होती. गुरूची मुलगी सुमती पुढं बसली होती. तिचे केस आता पांढरे झाले होते. नानाजी ओट्यावर चढले. गाणं तोंडात तयार होतं, एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. पण म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की शेवटी नावं घ्यायची आहेत. हे गाणं ज्यानं पुरं केलं तो शेजारी बसलेला नाही. त्याचं नाव घ्यावं तर गुरूची अट मोडते, न घ्यावं तर पुन्हा तेच, जे अश्विनच्या खोलीत केलं.

"यंदा गाणं नाही," नानाजी म्हणाले.

लोकांत कुजबुज झाली. "जुनं म्हना शाहीर," कोणीतरी म्हणालं.

"जुनंही नाही म्हणत. त्यात कोणाचं काय हाय ते सांगतो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या गाण्याची चाल त्यांची नव्हती, धान्यबाजारातल्या मधुसूदन मापाऱ्याची होती. तो पायल्या मोजताना एक म्हणायच्या ऐवजी लाभ म्हणून सूर लावी, तो सूर उचलला. दुसऱ्या गाण्यात मधेच सगळं थांबतं आणि लोक वा म्हणतात. तिथं खरं तर उमरेडच्या कार्यक्रमात चंपतरावांच्या चोनक्याची तार तुटली होती आणि लहानूनं डोळ्यानं खूण केली होती, की एक ठेका रिकामा ठेवू. तिसऱ्यातून लहानूनं चार शब्द काढले होते. चौथ्यातून सात. पाचव्याचं पूर्ण कडवं त्यानं खोडायला लावलं होतं आणि तेव्हा त्या दोघांत आठवडाभर बोलणं बंद होतं.

लोकांनी थोडा वेळ ऐकलं. मग आमटी तयार झाल्याची हाक आली आणि एकेक उठू लागला. नानाजी थांबले नाहीत. बाविसाव्या गाण्याला पोचले तेव्हा समोर फक्त सुमती उरली होती.

"दादा," ती म्हणाली, "हे सारं लहानूदादाले सांगतलं का?"

"त्याच्या घरी गेलो होतो ना."

"सांगतलं का?"

नानाजी ओट्याच्या कडेवर टेकले. चार दिवसांपूर्वीची ती दुपार त्यांनी आठवून पाहिली. त्यात गाणं अडल्याचं बोलणं होतं, गाडीचं बोलणं होतं, ढोलकी कुठं आहे ते होतं. पाया पडणंही होतं. पण ते कशासाठी, हे त्यांना आता नीट दिसलं. लहानूला त्यांनी तेव्हाही आपल्या कामासाठीच हाक मारली होती.

"नाही," ते म्हणाले. "माझं गाणं अडलं म्हणून गेलो होतो."

सुमती उठली. तिनं त्यांच्यासाठी ताट वाढून आणलं. त्यांना दोन घास जेमतेम गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी पुन्हा त्या दारात उभे होते. रुख्माबाई एकटी होती.

"ते काल गेले सावनेरले, भारतीकडं." भारती त्यांची मुलगी. "मी म्हटलं, कवा येता? तं म्हणे, पाहू. कपडे सारे घेऊन गेले."

"मी जातो तिथं."

रुख्माबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ती त्यांना कधी टोचून बोलली नव्हती. "भाऊजी, गेल्यावर गाणं नका काढू."

"नाही काढत."

"मंग काय बोलान?"

नानाजी उंबऱ्यापाशी उभे राहिले. त्यांनी पहिलं वाक्य मनात लावून पाहिलं, मोडलं, पुन्हा लावलं. शब्दांवर जगलेल्या माणसाला साधं एक वाक्य सापडेना. "ठाऊक नाही," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातला पेन काढून भारतीच्या घराचा पत्ता बसच्या जुन्या तिकिटामागे लिहून घेतला आणि ते स्टँडकडे निघाले, तोंडानं काही न गुणगुणता.